दुसऱ्या हातीं आलेलें धनुष्य : एका इतिहाससाधनाची परीक्षा

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रें, शिलालेख, ताम्रपट व नाणीं यांचा मान पहिला आणि शस्त्रांचा त्यामागून, असा क्रम सामान्यतः मानला जातो. शस्त्रांतहि तरवार, भाला व तोफ यांची चर्चा पुष्कळ होते, धनुष्याची क्वचितच. याचें एक कारण उघड आहे. लोखंड गंजलें तरी आपला आकार पुष्कळ काळ राखतें. लांकूड, तांत व दोरी यांस मात्र ओल, कीड आणि आग लवकर खातात. परंतु दुसरें एक कारण याहून महत्त्वाचें असून त्याकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. तरवार म्यानांत पडून राहिली तरी तरवारच असते. नाणें चालेनासें झालें तरी नाणेंच राहतें. धनुष्य मात्र वांकतें तोंवरच धनुष्य. एखाद्या जुन्या धनुष्याची ओढ किती होती, तें बाण किती दूर टाकीत असे, हें जाणावयाचें तर त्यास दोरी चढवून तें ओढून पाहिलें पाहिजे. आणि तसें केल्यास तें मोडण्याचा संभव फार. हा असा साक्षीदार आहे कीं, त्याची उलटतपासणी करूं जातां त्याचा अंतच व्हावा.

अशा स्थितींत जुनें शिकारी धनुष्य ज्याच्या हातीं येतें, मग तो संग्रहालयाचा अधिकारी असो, संशोधक असो किंवा हौसेनें विकत घेणारा धनुर्धर असो, त्यानें त्याचें काय करावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणें इंग्लंड व अमेरिका येथील घेतलीं आहेत. कारण जुन्या धनुष्यांचें हस्तांतर व त्यांवरील प्रयोग यांचा लेखी पुरावा तेथें मुबलक आहे. शेवटीं त्यांतून निघणारा नियम आपल्याकडील कामठ्यांस कसा लागू पडतो, हेंहि पाहूं.

(१) लांकूड आणि त्याचें आयुष्य

एकाच लांकडाचें जें धनुष्य, तें दिसावयास साधें पण बलांच्या दृष्टीनें मोठें नाजूक असतें. दोरी ओढली म्हणजे धनुष्याची लक्ष्याकडील बाजू, जिला पाठ म्हणावें, ती ताणली जाते. आणि धनुर्धराकडील बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. ताण सोसणें हा एक गुण व दाब सोसणें हा दुसरा. सर्व लांकडांत हे दोन्ही सारखे नसतात. यू नामक वृक्षाच्या लांकडांत ते शेजारी शेजारी सांपडतात. सालीलगतचें पांढरट लांकूड ताण सोसतें आणि आंतील तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणूनच युरोपांत शतकानुशतकें या लांकडास मागणी राहिली. इटली व ऑस्ट्रिया यांच्या सरहद्दीवरील बर्फांत १९ सप्टेंबर १९९१ रोजीं पांच हजार वर्षांपूर्वींच्या मनुष्याचें प्रेत सांपडलें. त्याच्याजवळ १.८२ मीटर लांबीचें, घडविणें पुरें न झालेलें असें जें धनुष्य होतें, तें यूचेंच. डेन्मार्कमधील होल्मगार्डच्या दलदलींत १९४४ सालीं मिळालेलें सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वींचें धनुष्य एल्मच्या लांकडाचें आहे. उत्तर अमेरिकेंत हिकरी, ॲश, जुनिपर आणि ओसेज ऑरेंज हीं लांकडें वापरांत होतीं.

यांपैकीं ओसेज ऑरेंज हा वृक्ष मूळ दक्षिणेकडील टेक्सास-आर्कान्सासच्या बाजूचा. जॉन ब्रॅडबरी हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८११ सालीं मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यांत गेला असतां त्यास शेंकडों मैल उत्तरेस आरिकारा लोकांत या लांकडाचीं धनुष्यें आढळलीं. तेथें अशा एका धनुष्याची किंमत एक घोडा व एक घोंगडी इतकी असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. यावरून असें दिसतें कीं, धनुष्य एका हातांतून दुसऱ्या हातांत, एका जमातींतून दुसऱ्या जमातींत जाणें ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. ज्यानें तें घडविलें त्यानेंच तें आयुष्यभर वापरावें, हा नियम त्या काळींहि नव्हता.

परंतु प्रत्येक हस्तांतराबरोबर एक शंका वाढत जाते. धनुष्य जितक्या वेळां ओढलें जातें तितक्या वेळां पोटाकडील तंतू थोडेथोडे चिरडतात. कालांतरानें दोरी उतरविली तरी धनुष्य पुरतें सरळ होत नाहीं, दोरीच्या बाजूस किंचित् वांकलेलेंच राहतें. आणि तितक्या प्रमाणांत त्याची ओढ उतरते. फारसींतून आलेला ‘कमान’ हा शब्द आपण धनुष्यासहि लावतों व घड्याळाच्या कमानीसहि लावतों. सदा ताणलेली राहिल्यास दोहोंची गत एकच होते. शिवाय लांकूड दमट हवेंत मऊ पडतें व फार कोरड्या जागीं ठिसूळ होतें. विकत घेतलेलें धनुष्य पहिल्या धन्यानें रात्रभर दोरी चढवून ठेवलें होतें काय, बाण न लावतां कधीं दोरी सोडली होती काय, हें त्या लांकडावर लिहिलेलें नसतें. बाण न लावतां दोरी सोडली तर जें बल बाणानें न्यावयाचें तें धनुष्याच्याच बाहूंत परत फिरतें, आणि एखादी केसाएवढी चीर मागें ठेवून जातें. ती चीर पुढें दुसऱ्याच्या हातांत असतां उघडते.

(२) आस्कमचा ग्रंथ

हा विचार नवा नाहीं. रॉजर आस्कम यानें १५४५ सालीं ‘टॉक्सोफिलस’ नांवाचा संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध करून तो आठव्या हेन्री राजास अर्पण केला. हाच आस्कम पुढें राजकन्या एलिझाबेथ हिचा शिक्षक झाला. धनुर्विद्येवर इंग्रजी भाषेंत लिहिलेला हा पहिला ग्रंथ होय. त्याच्या दुसऱ्या भागांत धनुष्य विकत कसें घ्यावें व राखावें कसें, याचें विवेचन आहे. दुकानांत लांब, वजनदार, सरळ, पीळ न पडलेलें, गांठ, भेग किंवा चिरडलेपणा नसलेलें धनुष्य दिसल्यास तें घ्यावें. परंतु डोळ्यांवर सर्वस्वीं विसंबूं नये, तें मैदानांत नेऊन जड बाणांनीं मारून पाहावें आणि नंतर कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावें, असा त्याचा सल्ला आहे. मेण लावलेल्या लोंकरी कापडानें तें पुसावें व लोंकरी पिशवींत ठेवावें, असेंहि तो सांगतो. धनुष्य मोडण्याचीं कारणें त्यानें चार दिलीं आहेत : दोरीचा दोष, बाणाचा दोष, मर्यादेबाहेर ओढणें आणि पोटावर पडलेल्या बारीक चिरा.

या चार कारणांत एक भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. पहिलीं तीन वापरणाऱ्याच्या हातचीं आहेत. तो सावध राहिला तर तीं टळतात. चवथें मात्र धनुष्याच्या पूर्वायुष्यांतलें आहे. तें पाहून कळतें, पण केव्हां व कोणाच्या हातून घडलें, हें कळत नाहीं. म्हणून जुन्या धनुष्याची परीक्षा ही अर्धी लांकडाची व अर्धी पूर्वीच्या धन्याची परीक्षा असते. कागदाच्या बाबतींत आपण जें विचारतों, म्हणजे हा कोणाच्या दप्तरांतून आला व मध्यंतरीं कोणाकोणाच्या हातून गेला, तेंच येथेंहि विचारावें लागतें.

(३) सडबरीचें धनुष्य

हा प्रश्न न विचारल्यास काय होतें याचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयांत आहे. हें हिकरीचें, चपट्या बाहूंचें धनुष्य असून लांकडी धनुष्यें करणाऱ्या कारागिरांत त्याची कीर्ति फार मोठी आहे. आजवर असंख्य कारागिरांनीं त्याच्या प्रतिकृति केल्या आहेत. त्याजबरोबर आलेल्या जुन्या नोंदीवरून असें समजतें कीं, मॅसॅच्युसेट्समधील सडबरी या गांवीं १६६० सालीं विल्यम गुडनो नांवाच्या वसाहतवाल्यानें, आपलें घर लुटूं पाहणाऱ्या एका इंडियनास गोळी घालून ठार केलें व त्याचें हें धनुष्य घेतलें.

ही नोंद बारकाईनें वाचली पाहिजे. तींत गांव आहे, साल आहे, मारणाऱ्याचें नांव आहे व मारण्याचें कारणहि आहे. ज्याचें धनुष्य, त्याचें नांव नाहीं. त्याची जमातसुद्धां नाहीं, फक्त ‘इंडियन’ हा एक शब्द. लुटीचा जो आरोप आहे तोहि मारणाऱ्याच्याच बाजूनें आलेला. दुसऱ्या बाजूची जबानी मिळणें शक्यच नाहीं. तेव्हां या धनुष्याची जी कीर्ति आज झाली ती त्याच्या घडणीची होय. पातीची रुंदी, जाडी व निमुळतेपणा कारागिरांनीं केसाच्या हिशेबानें मोजला. पण तें लांकूड कोणत्या ऋतूंत तोडावें, किती वाळवावें, त्यावर कोणते बाण चालवावे, हें ज्याला माहीत होतें त्याच्याकडून एक अक्षरहि मिळालेलें नाहीं. वस्तु हातीं आली. विद्या मेलेल्या मनुष्याबरोबर गेली.

(४) डिअर क्रीकचें लुटलेलें बिऱ्हाड

दुसरें उदाहरण याहून अलीकडचें आहे. कॅलिफोर्नियांतील लासेन पर्वताच्या पश्चिम उतारावर डिअर क्रीक व मिल क्रीक नांवाच्या ओढ्यांच्या दऱ्या आहेत. तेथें याही नांवाची एक लहान जमात राहत असे. सोन्याच्या शोधार्थ १८४९ पासून आलेल्या गोऱ्यांच्या लोंढ्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत या जमातीची वारंवार कत्तल झाली, आणि उरलेलीं मूठभर माणसें दरीच्या झाडींत लपून राहूं लागलीं. नोव्हेंबर १९०८ मध्यें एका वीजकंपनीच्या मोजणीदारांची टोळी डिअर क्रीकच्या दरींत शिरली असतां तिला हें लपविलेलें बिऱ्हाड आढळलें. दोघें पळून गेलीं; एक आजारी वृद्धा पांघरुणांखालीं पडून होती. मोजणीदारांनीं धनुष्यें, बाण, कातडीं, टोपल्या, हत्यारें असें जें कांहीं उचलण्याजोगें होतें तें सारें आठवण म्हणून उचलून नेलें. असें करूं नये, असें त्यांच्यांतीलच एकानें सांगितलें, पण त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. हिंवाळा तोंडावर आला असतां शिकारीवर जगणाऱ्या माणसांचें धनुष्य नेणें म्हणजे त्यांचें अन्नच नेणें होय. ती वृद्धा त्यानंतर लवकरच वारली.

तिचा मुलगा तेवढा मागें राहिला. तो २९ ऑगस्ट १९११ रोजीं ओरोव्हिल गांवाजवळ उपाशी व एकटा असा सांपडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ टी. टी. वॉटरमन व आल्फ्रेड क्रोबर यांनीं त्यास सॅन फ्रॅन्सिस्को येथील आपल्या संग्रहालयांत आणून ठेवलें. स्वतःचें नांव त्यानें कोणासहि सांगितलें नाहीं. त्याच्या रीतीप्रमाणें तें आपल्या तोंडानें सांगावयाचें नसतें. म्हणून क्रोबर यानें त्यास ‘इशी’ असें म्हटलें. त्याच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘मनुष्य’ एवढाच.

संग्रहालयाशेजारींच विद्यापीठाचें रुग्णालय होतें. तेथील शस्त्रवैद्य सॅक्सटन पोप हा इशीवर उपचार करीत असे. त्या दोघांचा स्नेह जमला आणि इशीनें त्यास धनुष्य घडविणें व चालविणें शिकविलें. सडबरी येथें व डिअर क्रीकवर जें घडलें त्याहून हा व्यवहार सर्वस्वीं निराळा होता. येथें धनुष्याबरोबर त्याच्या धन्याचा शब्दहि मिळाला. पोप यानें तो ‘याही आर्चरी’ या नांवानें १९१८ सालीं विद्यापीठाच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केला.

या निबंधावरून इशीच्या धनुष्याची संपूर्ण हकीकत समजते. तें पहाडी जुनिपरचें, सुमारें साडेतीन फूट लांबीचें असे. ज्यास तें वापरावयाचें त्याच्या आडव्या पसरलेल्या हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंतचें अंतर हें त्याचें माप. पाठीवर हरणाच्या पायांतील तंतू चघळून मऊ करून सरसानें चिकटविलेले. बाण सोडतांना इशी गुडघे मोडून बसे, धनुष्य तिरपें धरी व दोरी अंगठ्यानें ओढी. त्याहून लक्ष देण्याजोगे आहेत त्याचे नियम. वापर नसेल तेव्हां दोरी उतरून धनुष्य आडवें ठेवावें. उभें ठेवलेलें धनुष्य काम करीतच राहतें, त्यास घाम येतो व तें दुबळें होतें, असें तो म्हणे. धनुष्यास मुलांनीं हात लावूं नये, तें कोणीं ओलांडूं नये. यांतील कांहीं भाग धर्माचा व कांहीं लांकडाच्या अनुभवाचा. परंतु ज्यानें हें ऐकलें त्यास आपल्या हातीं आलेलें धनुष्य राखावें कसें, हें वेगळें शिकावें लागलें नाहीं. आजहि लांकडी धनुष्यें बाळगणारे सुज्ञ लोक तीं दोरी उतरून, दोन खुंट्यांवर आडवीं ठेवतात.

(५) प्रयोग आणि त्यांची मर्यादा

इशी २५ मार्च १९१६ रोजीं क्षयानें वारला. पोप यानें पुढें विल्यम कॉम्प्टन व आर्थर यंग या मित्रांसह धनुष्यानें मोठी शिकार केली, आणि १९२३ सालीं दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ हा शिकारीचा. दुसरा ‘अ स्टडी ऑफ बोज अँड ॲरोज’ हा प्रयोगांचा. या दुसऱ्या ग्रंथासाठीं त्यानें निरनिराळ्या देशांचीं व जमातींचीं जुनीं धनुष्यें संग्रहालयांतून काढून, त्यांस दोऱ्या चढवून, त्यांची ओढ कांट्यावर मोजली व बाण किती यार्ड गेला तें टिपलें. धनुष्याच्या इतिहासांत मोजमापाचा हा पद्धतशीर उपक्रम म्हणून पोप याचें ऋण सर्वांनींच मानलें आहे, आणि तें योग्यहि आहे.

तथापि त्याच्या पद्धतींत दोन दोष होते व ते आज स्पष्ट दिसतात. पहिला असा कीं, संग्रहालयांत कित्येक वर्षें वाळलेल्या धनुष्याची आजची ओढ म्हणजे त्याची मूळची ओढ नव्हे. जुनें धनुष्य मंद ठरलें तर दोष त्याच्या कर्त्याचा कीं कोरड्या हवेचा, हें एवढ्या प्रयोगानें ठरत नाहीं. शिवाय प्रयोगकर्ता ज्या पद्धतीनें ओढतो तीच त्या जमातीची पद्धति होती असें नाहीं. दुसरा दोष प्रतिकृतींचा. ‘मेरी रोझ’ नांवाचें आठव्या हेन्रीचें लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजीं, म्हणजे आस्कमचा ग्रंथ निघाला त्याच सालीं, पोर्टस्मथसमोर बुडालें. पाणबुडे डीन बंधु यांनीं १८३६ ते १८४० या काळांत त्यांतून कांहीं धनुष्यें वर काढलीं होतीं. लंडनच्या टॉवरमध्यें ठेवलेल्या अशा एका धनुष्याचीं मापें मागवून पोप यानें तसेंच यूचें धनुष्य केलें. त्याची ओढ शंभर पौंडांच्या आंतच राहिली. यावरून जुनीं इंग्रजी धनुष्यें समजलीं जातात तितकीं प्रबळ नसावीं, असा ग्रह होणें साहजिक होतें.

त्यानंतर सुमारें साठ वर्षांनीं, ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं, ‘मेरी रोझ’ जहाजाचा सांगाडाच समुद्राबाहेर काढण्यांत आला. त्या उत्खननांत १३७ अखंड धनुष्यें व साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. तेव्हां यांतील कांहीं मूळ धनुष्यें सावधपणें ओढून पाहिलीं असतां तीं अपेक्षेहून मऊ निघालीं. कारण चार शतकें समुद्राच्या पाण्यांत राहून लांकडाचे तंतू झिजले होते. म्हणून संशोधकांनीं मूळ वस्तूंवरील प्रयोग थांबवून त्यांचीं मापें व लांकडाची घनता यांवरून गणित मांडलें, आणि त्याच दर्जाच्या, दाट वलयांच्या यू लांकडाच्या प्रतिकृति करून त्या गणिताचा पडताळा घेतला. ओढ सुमारें १०० पासून १८५ पौंडांपर्यंत निघाली. पोप याच्या प्रतिकृतीचें माप बरोबर होतें, पण लांकूड तें नव्हतें. इंग्लंडांत १४७२ सालीं कायदा करून परदेशी मालाच्या दर टनामागें चार धनुष्यदंड आणण्याची सक्ति व्यापाऱ्यांवर कां केली होती, याचा उलगडाही यामुळें अधिक होतो. चांगलें लांकूड घरीं पुरेसें मिळत नव्हतें.

यावरून असा निष्कर्ष निघतो कीं, जुनें धनुष्य ओढून पाहण्यानें त्याचा इतिहास कळतोच असें नाहीं, आणि तें मोडल्यास मात्र तो कायमचा बुडतो. मूळ वस्तु निश्चल ठेवावी, तिची नक्कल करावी, नक्कल ओढावी. आणि नक्कल करतांना आकाराइतकीच लांकडाची पारख करावी.

(६) जीं धनुष्यें वापरण्यासाठींच घेतलीं जातात

संग्रहालयांतील दुर्मिळ वस्तूंस हा नियम बिनतक्रार लागू पडतो. परंतु जुनें म्हणून जें जें विकलें जातें तें सारेंच दुर्मिळ असतें असें नाहीं. अमेरिकेंत मॉरिस थॉम्प्सन याच्या ‘द विचरी ऑफ आर्चरी’ या १८७८ सालच्या ग्रंथानें धनुष्याच्या शिकारीची आवड पुन्हां जागी केली, व दुसऱ्याच वर्षीं तेथें राष्ट्रीय धनुर्धर संघ स्थापन झाला. पोप व यंग यांच्या शिकारींनंतर ती आवड वाढली. विस्कॉन्सिन संस्थानानें १९३४ सालीं केवळ धनुर्धरांसाठीं हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम ठरविला. त्या सुमारास यू, ओसेज ऑरेंज, हिकरी व लेमनवुड यांचीं शिकारी धनुष्यें कारखान्यांतून निघूं लागलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूंचीं पातीं आलीं. १९६९ सालीं चाकें लावलेल्या धनुष्याचें एकस्व दिलें गेलें, आणि निव्वळ लांकडी धनुष्य मागें पडलें. माळ्यांवर व खुंट्यांवर राहिलेलीं तीं धनुष्यें नातवंडांकडून विकलीं जातात व हौशी लोक तीं घेतात.

असें धनुष्य कधींहि ओढूं नये, असें म्हणणें अतिरेकाचें होईल. मात्र त्याची परीक्षा क्रमानें व्हावी. प्रथम पाठ व पोट उजेडांत पाहावें. पाठीवर तंतू तुटून वर आला असल्यास, किंवा पोटावर आडव्या बारीक रेघा असल्यास, तें भिंतीवरच शोभतें. दोन्ही बाहू सारखे आहेत कीं एक पिळला आहे, टोंकांच्या खांचा फुटल्या आहेत काय, हें पाहावें. दोरी जुनी असल्यास ती टाकून नवी करावी. ती आंखूड असूं नये. नंतर अनेक दिवस थोडें थोडें वांकवून लांकडास जुनी संवय आठवूं द्यावी, आणि दर खेपेस कांट्यावर ओढ पाहावी. लिहिलेली ओढ ५० पौंड असेल तर आजची ४० असणें नवल नाहीं. ती ५० करण्याच्या हट्टानें अधिक ओढणें म्हणजे आस्कमचें तिसरें कारण ओढवून घेणें होय. हलका बाण लावूं नये, बाणावांचून दोरी सोडूं नये, आणि काम होतांच दोरी उतरावी. एवढें करूनहि तें मोडलें तर निदान त्याचीं मापें, लांकूड व इतिहास कागदावर राहतील, अशी व्यवस्था आधीं केलेली असावी.

(७) आपल्याकडील कामठ्या

आतां स्वदेशाकडे वळूं. सातपुडा व खानदेश या भागांतील भिल्लांचा तीरकामठा सर्वपरिचित आहे. त्यांची कामठी बांबूची असून दोरीहि बहुधा बांबूच्या सालीचीच असते. ज्या १८७८ सालीं अमेरिकेंत थॉम्प्सनचा ग्रंथ धनुष्याची आवड वाढवीत होता, त्याच सालीं हिंदुस्थान सरकारनें शस्त्रांचा कायदा केला व त्यांतील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येंत बंदुका, तरवारी, भाले यांबरोबर धनुष्यबाणहि घातले. एका देशांत धनुष्य हा श्रीमंतांचा खेळ होऊं लागला असतां दुसऱ्या देशांत रानांतल्या मनुष्याचें साधन कायद्याच्या नजरेस आलें, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी झाली, आणि तीहि आवश्यकच होती. परंतु त्यामुळें शिकारी कामठी घडविण्याची व चालविण्याची विद्या वापरावांचून राहिली. जी विद्या हातांत असते ती हातांतून सुटली कीं एका पिढींत जाते.

आपल्या खाजगी व सार्वजनिक संग्रहांत ‘भिल्लाचें धनुष्य’ एवढीच चिठ्ठी बांधलेली कामठी दिसते तेव्हां सडबरीची नोंद आठवल्यावांचून राहत नाहीं. ‘इंडियन’ आणि ‘भिल्ल’ हे दोन शब्द अशा ठिकाणीं सारखेच रिकामे आहेत. फरक इतकाच कीं, सडबरीचा धनी १६६० सालींच मारला गेला, आणि आपल्याकडे कामठी घडविणारीं वृद्ध माणसें अजून पाड्यांवर भेटतात. म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्यांच्या संग्रहीं कामठी आहे किंवा जे ती विकत घेतात त्यांनीं तिजबरोबर एक कागद ठेवावा. ती कोणत्या गांवच्या, कोणत्या नांवाच्या मनुष्यानें केली, कोणत्या जातीचा बांबू, कोणत्या महिन्यांत तोडला, किती दिवस वाळविला, शेकला असल्यास कसा, दोरी कशाची, ओढ किती, आणि ती पैशानें, देणगीनें कीं अन्य कोणत्या मार्गानें हातीं आली, हें त्यांत लिहावें. शेवटचें कलम लिहितांना संकोच वाटला तरी तें गाळूं नये. कारण पुढील संशोधकास सर्वांत आधीं तेंच हवें असतें. कर्ता हयात असेल तर त्याच्याकडून नवी कामठी करवून घ्यावी, तिचे योग्य दाम द्यावे, ती त्याच्यासमोर लक्ष्यावर चालवावी व चुकल्यास त्याच्याकडून सुधारून घ्यावी. जुनी कामठी ओढून जें कळणार नाहीं तें त्या एका सकाळीं कळेल.

वर सांगितलेल्या उदाहरणांत धनुष्य दुसऱ्या हातीं तीन प्रकारांनीं गेलें : लुटीनें, मोल देऊन व शिकवून. लुटीनें गेलेल्याचें फक्त लांकूड राहिलें. मोल देऊन गेलेल्याचा उपयोग राहिला. शिकवून गेलेल्याची मात्र विद्या राहिली. इशीचीं कांहीं धनुष्यें आज बर्कली येथील विद्यापीठाच्या संग्रहालयांत आहेत, परंतु एक तेथें नाहीं. १९१६ सालीं त्याचें दहन झालें तेव्हां त्याच्या मित्रांनीं शवपेटींत त्याचें एक धनुष्य, पांच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची एक टोपली व इतर कांहीं वस्तु ठेवल्या, आणि तें सर्व त्याजबरोबर जळालें. त्याच मित्रांच्या देखरेखीखालील शवपरीक्षेंत त्याचा मेंदू मात्र काढून ठेवला गेला. पुढें तो वॉशिंग्टनच्या संग्रहांत गेला व २००० सालीं त्याच्या आप्तजमातींस परत मिळून दरीच्या प्रदेशांत पुरला गेला. संशोधकांनीं काय ठेवावें व काय जाऊं द्यावें, याचे दोन्ही धडे त्या एका मृत्यूंत आहेत. एका धनुष्याच्या जळण्यानें धनुर्विद्येच्या इतिहासाचें कांहीं नुकसान झालें, असें आजवर कोणीं म्हटलेलें नाहीं. कारण तें घडवावें कसें, हें इशी आधींच सांगून गेला होता.